शाळेची वाट

(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या सभेत केलेले भाषण. बोलताना मागेपुढे झालेले लिहून काढताना नीट लावले आहे.)

माननीय अध्यक्षबाई, मंडळाच्या जुन्या-जाणत्या भगिनी, शेजारपाजारहून आलेल्या पाहुण्या बायका आणि मागे सतरंजीवर चुळबुळ करीत बसलेली मुले,

दरवर्षी वर्धापनदिनाला माझे काम ठरलेले असते. पोहे किती भिजवायचे, चहाला दूध किती लागेल, हे मी पाहते. यंदा चिटणीसबाईंनी माझ्या हातातला झारा काढून घेतला आणि ध्वनिक्षेपकापुढे उभे केले. मी म्हटले, "बाई, माझे शिक्षण सातवी. मी काय भाषण करणार?" त्या म्हणाल्या, "सातवीच का, तेवढेच सांगा." विचार करता करता माझ्या ध्यानात आले की माझा विषय त्यातच आहे.

विषय साधा आहे. मुलांनी शाळेत जावे कसे? शाळा कोणती, माध्यम कोणते, शिकवणी कोणाची, यावर आपण तासन् तास बोलतो. पण घराच्या उंबरठ्यापासून शाळेच्या फाटकापर्यंत मूल जाते कसे, याला आपण विषयच समजत नाही. मी मात्र या एवढ्याशा वाटेवर एकदा हरले आहे, म्हणून मला बोलण्याचा हक्क आहे असे मी समजते.

माझे माहेर अकोला जिल्ह्यातले, मूर्तिजापूरकडचे. गावात शाळा सातवीपर्यंत. वस्तीपासून शाळा लांब, तरी आम्ही पाच-सहा पोरी रमतगमत जात असू. वाटेत बोरी होत्या, चिंच होती, एका वाड्याच्या पडवीत पिंजारी कापूस पिंजत असे, त्याच्या धनुकलीचा आवाज ऐकत आम्ही उभ्या राहू. कोणाच्या शेतात तूर फुलली, कोणाच्या पऱ्हाटीला बोंडे लागली, हे आम्हांला पाठ. पाढे आम्ही वाटेने म्हणू, आणि ज्या पोरीला सत्ताविसाचा पाढा येत नसे तिने सगळ्यांची दप्तरे धरायची. हे शिक्षण आहे असे आम्हांला कोणी सांगितले नव्हते.

१९९३ साली मी सातवी झाले. हायस्कूल दुसऱ्या गावी, पाच किलोमीटरवर. मध्ये नाला. पावसाळ्यात त्याला कमरेएवढे पाणी यायचे. जवळून शकुंतला जायची. ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगते, शकुंतला म्हणजे यवतमाळहून मूर्तिजापूरला आणि मूर्तिजापूरहून दर्यापूर-अंजनगावावरून अचलपूरला जाणारी अरुंद रुळांची गाडी. विलायती कंपनीने वऱ्हाडचा कापूस नेण्यासाठी शंभर वर्षांपूर्वी ती घातली होती. १९९४ पर्यंत तिला कोळशाचे इंजिन होते. आता ती दोन्ही बाजूंनी बंद आहे. गाडी गरिबाची, तिकीट थोडे. पण तिची वेळ कापसाची आणि बाजाराची, शाळेची नव्हे. माझ्या भावाला वडिलांनी जुनी सायकल घेऊन दिली. माझा विषय निघाला तेव्हा ते म्हणाले, "पोरगीले नाल्यातून रोज कोण नेऊन देईन? शिकली तेवढं लय झालं." ते वाईट नव्हते. त्यांना भीती होती. मला नापास कोणी केले नाही, फी नाही म्हणून कोणी काढले नाही. माझी शाळा पाच किलोमीटरांनी संपविली.

पुढे १९९६-९७ साली सरकारने अहिल्याबाई होळकरांच्या नावाची योजना काढली आणि खेड्यातल्या मुलींना शाळेसाठी एस. टी. चा प्रवास मोफत झाला. मला तीन वर्षे उशीर झाला. माझ्या धाकट्या चुलत बहिणी मात्र त्या पासावर दहावी झाल्या. नंतर मानव विकास कार्यक्रमातून मुलींसाठी वेगळ्या निळ्या गाड्या आल्या आणि आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना सायकलीसाठी पैसे मिळू लागले. बिहार राज्याने २००६ पासून नववीत जाणाऱ्या मुलींना सायकलीसाठी पैसे दिले. विद्वानांनी त्याचा हिशेब मांडला, तेव्हा हायस्कुलात जाणाऱ्या मुलींची संख्या जवळजवळ तिसऱ्या हिश्श्याने वाढली असे दिसले. शाळा तीच, मास्तर तेच, फक्त दोन चाके वाढली. वाट सोडविली तर शाळा आपोआप सुटते, हे मी या वयात शिकले.

आता तुम्ही म्हणाल, हे खेड्याचे झाले. आपण अमरावतीकर. आपल्या मुलांना नाला नाही, दहा पावलांवर शाळा. होय. शिक्षणहक्काच्या कायद्याप्रमाणे आपल्या राज्यात पाचवीपर्यंतची शाळा एक किलोमीटरच्या आत आणि आठवीपर्यंतची तीन किलोमीटरांच्या आत हवी. म्हणजे चालण्याजोगी वाट हा मुलाचा हक्कच धरला आहे. आणि तरी सकाळी आपल्या गल्लीत काय दिसते? एक किलोमीटरसाठी स्कूटी. दीडसाठी ऑटो. आई गाऊनवर ओढणी टाकून मुलाला पुढे उभे करते, दप्तर पायाशी, डबा हँडलला, आणि भुर्रकन् निघते. मुलाला सोडून आली की तीच आई बूट घालून मालटेकडीवर फिरायला जाते, कारण डॉक्टरांनी चालायला सांगितलेले असते. मुलाला सोडताना चालली असती तर दोघांचेही काम झाले असते! हसू नका, मी स्वतः असेच करीत होते.

आपण चालणारी माणसे नाही असे नाही. श्रावणात अकोल्याला कावडी निघतात. गांधीग्रामला पूर्णेचे पाणी भरून सतरा-अठरा किलोमीटर अनवाणी चालत लोक राजेश्वराला येतात. नवरात्रात अंबादेवी-एकवीरेच्या दर्शनाला आपण पहाटे चार वाजता पायी निघतो. देवासाठी आपले पाय दुखत नाहीत. सरस्वतीच्या दारी जायचे तेवढ्यालाच गाडी लागते.

आता माझ्या घरची गोष्ट सांगते. धाकटा मुलगा दुसरीत होता. शाळा दीड किलोमीटर. महिन्याला बाराशे रुपये देऊन आम्ही ऑटो लावला होता. त्या ऑटोत अकरा मुले बसत. दोघे ऑटोवाल्याच्या दोन्ही बाजूंना, दप्तरे बाहेर लटकलेली. मी रोज बघत होते आणि रोज मान फिरवीत होते. एके दिवशी वळणावर कुत्रे आडवे आले, ऑटो कलंडला. देवाची कृपा, जिवावर बेतले नाही. माझ्या मुलाचे मनगट मोडले, एका मुलीच्या कपाळाला चार टाके पडले.

आम्ही सगळ्या आया ऑटोवाल्यावर तुटून पडलो. तो बिचारा हात जोडून म्हणाला, "बाई, पाच पोरांत माझा हप्ता निघत नाही. तुम्हीच सांगा, किती देता?" त्यावर कोणीच बोलले नाही. कारण अकरा मुले कोंबल्याखेरीज बाराशेत परवडत नाही, हे आम्हां सगळ्यांना आतून ठाऊक होते. दोष एकट्याचा नव्हता. स्वस्तात सोय पाहिजे हा आमचाही दोष होता.

मनगट जुळेपर्यंत सहा आठवडे मी मुलाला पायी नेले. दुसरा उपायच नव्हता, गाडीवर बसवायची छाती होईना. पहिले चार दिवस तो कुरकुरला. पाचव्या दिवसापासून बोलू लागला. हे मला फार नवल वाटले. स्कूटीवर वारा कानात जातो, बोलणे होत नाही. घरी आला की "काही नाही झालं" एवढेच उत्तर. पण हातात हात धरून चालताना पोर सगळे सांगते. कोणी चिडविले, कोणत्या बाई रागावल्या, डब्यातली भाजी कोणाला दिली. सहा आठवड्यांत मला माझा मुलगा जितका कळला तितका आधीच्या सहा वर्षांत कळला नव्हता. प्लास्टर निघाले तरी आम्ही ऑटो पुन्हा लावला नाही.

आता फायद्यांकडे वळते. मी विदुषी नाही. थोडे वाचनालयात वाचले, थोडे मोठ्या मुलीने वाचून दाखविले.

पहिला फायदा शरीराचा. जागतिक आरोग्य संघटना सांगते की पाच ते सतरा वर्षांच्या मुलाने रोज सरासरी एक तास अंग हलेल, दम लागेल असा व्यायाम करावा. आपल्या मुलांचा एक तास कुठे आहे? शाळा, शिकवणी, मोबाइल. मैदाने बुजली. पण दीड किलोमीटर पायी जायला मुलाला पंचवीस मिनिटे लागतात. जाऊन-येऊन पन्नास. झाला की नाही जवळजवळ तास? पैसा नाही, वर्ग नाही, मास्तर नाही. आणि हे गाव कोणते, तर जिथे वैद्य बंधूंनी १९१४ साली हनुमान व्यायामशाळा काढली, जिथली मंडळी १९३६ साली बर्लिनच्या ऑलिंपिकच्या वेळी आपले देशी खेळ दाखवून आली. त्या अमरावतीतल्या मुलांना जिना चढताना धाप लागावी, हे शोभत नाही.

दुसरा फायदा डोक्याचा. २०१२ साली डेन्मार्क देशात जवळजवळ वीस हजार मुलांची पाहणी झाली. जी मुले चालत किंवा सायकलवर शाळेत येत, त्यांचे वर्गात चित्त अधिक लागे, आणि हा परिणाम सकाळचे काही तास टिके. आपण शिकवणीवर हजारो रुपये घालतो, पण अर्ध्या झोपेत उचलून गाडीवर बसविलेले मूल पहिल्या तासाला जांभया देते, त्याचा विचार करीत नाही.

तिसरा फायदा संसाराचा. मी घरखर्चाची वही ठेवते, त्यातला हिशेब सांगते. शाळा दीड किलोमीटर. आई सोडायला जाते-येते, आणायला जाते-येते, म्हणजे दिवसाला सहा किलोमीटर. शाळेचे दिवस २२० धरले तर वर्षाला १,३२० किलोमीटर. लिटरला ४५ धरले तरी २९ लिटरांच्या वर पेट्रोल लागते, आणि ते शंभरीच्या पुढे गेले आहे. म्हणजे तीन हजार रुपये धुरात. ऑटोचे तर विचारूच नका. बाराशेप्रमाणे दहा महिन्यांचे बारा हजार. त्यात एक चांगली सायकल येते आणि वर दोघांचे रेनकोट आणि बूट येतात.

चौथा फायदा हवेचा. एक लिटर पेट्रोल जळले की सुमारे सव्वादोन किलो कर्बवायू हवेत जातो. माझ्या एका स्कूटीचा हिशेब वर्षाला ६५ किलोंच्या वर जातो. आपल्या गल्लीत अशा किती स्कूट्या आहेत ते तुम्हीच मोजा. शाळा सुटायच्या वेळी फाटकाशी पन्नास गाड्या इंजिन चालू ठेवून उभ्या असतात, आणि त्यांच्या धुरांड्यांच्या उंचीवर आपल्या मुलांची नाके असतात. वऱ्हाडचा उन्हाळा आधीच अंगार ओकतो. त्यात आपण आपल्या हाताने भर का घालावी?

पाचवा फायदा मला सर्वांत मोठा वाटतो. मुलाला गाव कळते. रस्ता कसा ओलांडायचा, अनोळखी माणसाने हाक मारली तर काय करायचे, कुत्रे अंगावर आले तर पळायचे नाही, हे पायी चालणाऱ्याला येते. जपानमध्ये पहिलीतली मुले शेजारच्या मोठ्या मुलांबरोबर रांगेने पायी शाळेत जातात. आपल्याकडे बारावी झालेल्या मुलाला राजकमल चौकातून राजापेठेला कसे जावे ते ठाऊक नसते.

आता अडचणींचे बोलते. अडचणी नाहीत असे म्हणणे खोटेपणाचे होईल.

ऊन. आपल्याकडे मार्च-एप्रिलात शाळा सकाळची होते आणि नवे वर्ष बाकी महाराष्ट्रापेक्षा उशिरा, जूनच्या अखेरीला सुरू होते, ते यासाठीच. सकाळची शाळा सुटते तेव्हा ऊन तापलेले असते हे खरे. डोक्याला पांढरा रुमाल, पाण्याची बाटली आणि सावलीची बाजू, एवढे तरी आपल्या हातात आहे. भर उन्हाच्या पंधरवड्यात गाडी वापरा, मी हट्ट करीत नाही. पण चार आठवड्यांच्या उन्हासाठी वर्षभर गाडी कशाला?

दप्तर. २०१५ साली सरकारने ठरविले की दप्तराचे ओझे मुलाच्या वजनाच्या दहाव्या हिश्श्यापेक्षा अधिक नसावे. वीस किलोच्या मुलाला दोन किलो. आज घरी गेल्यावर तराजूवर घालून पाहा. मी पाहिले, साडेचार किलो भरले. त्यात दोन वह्या मागच्या इयत्तेच्या होत्या आणि एक लोखंडी मोटार होती! निम्मे ओझे आमच्याच आळसाचे निघाले.

लोक काय म्हणतील. ही अडचण लहान नाही. मी पायी निघाले तेव्हा शेजारच्या एका बाईंनी विचारले, "काहून व, गाडी बिघडली काय?" दुसरीने माझ्या सासूबाईंकडे चौकशी केली की घरात पैशांची ओढाताण आहे का. पायी चालणे म्हणजे गरिबी, असे आपल्या मनाने घेतले आहे. मी एवढेच म्हणेन की १८४८ साली पुण्यात सावित्रीबाई शाळेत शिकवायला पायी जात, तेव्हा लोक शेण-चिखल मारीत. त्या जास्तीचे लुगडे बरोबर ठेवीत, पण वाट सोडली नाही. आपल्याला तर नुसते एक वाक्य ऐकावे लागते.

आणि शेवटची, खरी अडचण. रस्ता. २०२२ साली जून महिन्यात आपल्या अमरावती-अकोला महामार्गावर ७५ किलोमीटरची एक पदरी डांबरी सडक १०५ तास ३३ मिनिटांत टाकली गेली. गिनीज बुकात नोंद झाली. त्याआधीचा विक्रम कतार देशाचा, तोही पंचवीस किलोमीटरांचा. मला अभिमान वाटला. त्याच रस्त्याने मी माहेरी जाते. पण त्या दिवशी माझ्या मनात आले, जी माणसे साडेचार दिवसांत पाऊणशे किलोमीटर सडक टाकू शकतात, त्यांना माझ्या मुलाच्या शाळेपर्यंत चार फूट रुंदीची पायवाट का करता येऊ नये? पदपथ असतात, पण त्यांवर कुठे दुकानाची पाटी, कुठे रोहित्र, कुठे आपलीच गाडी उभी. "आपलीच" हा शब्द मी मुद्दाम वापरते.

हॉलंड देशात आज मुले सायकलींवर शाळेत जातात, त्याचे फोटो आपण पाहतो आणि म्हणतो, त्यांचे बरे आहे. पण ते आकाशातून पडलेले नाही. १९७१ या एका वर्षात त्या लहानशा देशात रस्त्यांवर ३,३०० माणसे मेली, त्यांत चारशेहून अधिक मुले होती. तेव्हा आईबाप रस्त्यावर उतरले. "मुलांची हत्या थांबवा" असे त्या चळवळीचे नावच होते. रस्ते अडविले, सरकारच्या दारी गेले, वर्षानुवर्षे धरून बसले. मग रस्ते बदलले. म्हणजे तिथेही सुरुवात आपल्यासारख्यांनीच केली.

आम्ही काय केले ते सांगते. फार मोठे नाही. आमच्या ओळीतल्या पाच घरांतली नऊ मुले एकाच बाजूच्या शाळांत जातात. आम्ही पाच जणींनी वार वाटून घेतले. सोमवारी मी, मंगळवारी दुसरी, अशी एकीने सगळ्यांना पायी न्यायचे. बाकीच्या चौघींचा सकाळचा अर्धा तास मोकळा. ऑस्ट्रेलियाकडे १९९० नंतर याला "पायी बस" असे नाव पडले म्हणे. आमच्या मुलांनी नाव ठेवले "दिंडी". पुढे मोठा मुलगा, मध्ये लहान, शेवटी आई. चौकात शिट्टी वाजली की सगळे थांबतात.

ऑटोवाला एके दिवशी दारात आला. म्हणाला, "बाई, गरिबाच्या पोटावर पाय नका देऊ." त्याची चार मुले आमच्यामुळे कमी झाली होती. मला रात्रभर झोप लागली नाही. मग आम्ही लांबच्या मुलांच्या आयांकडे गेलो. ज्यांची शाळा तीन-चार किलोमीटरवर आहे त्यांना ऑटो हवाच. त्यांनी थोडे अधिक पैसे द्यायचे आणि त्याने सहाच मुले घ्यायची, असे ठरले. दोघी तयार झाल्या नाहीत, चौघी झाल्या. त्याचे उत्पन्न पूर्वीइतके होत नाही, थोडे कमीच होते. हे मी लपवीत नाही. दुपारी तो आता मालाची भाडी मारतो.

आमची दिंडी दोनदा मोडली. एकदा श्रावणातल्या झडीत सलग आठ दिवस, आणि एकदा आम्हां दोघींच्या रुसव्यामुळे. पावसापेक्षा रुसव्याने अधिक दिवस गेले. पण पुन्हा जुळली, कारण मुलेच दारात येऊन उभी राहू लागली.

आता मोठ्या मुलीचे. ती नववीत गेली आणि शाळा बदलली, चार किलोमीटर झाली. तिने सायकल मागितली. हे म्हणाले, "रहदारी केवढी आहे. मीच सोडून देत जाईन, नाहीतर स्कूटी चालवू दे तिला गल्लीगल्लीतून." भगिनींनो, हे "गल्लीगल्लीतून" फार वाईट. अठरा वर्षांच्या आत आजची स्कूटर चालविणे बेकायदा आहे. २०१९ पासून कायदा असा की अल्पवयीन मुलाच्या हातून गुन्हा घडला तर आईबापांना अगर गाडीच्या मालकाला पंचवीस हजार दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, आणि मुलाला पंचवीस वर्षांचे होईतो परवाना मिळत नाही. पण दंडाचे जाऊ द्या. पोरगं गेलं तर?

मी काहीच बोलले नाही, पण त्या रात्री मला वडिलांचे शब्द आठवले. "पोरगीले कोण नेऊन देईन?" वाक्य तेच होते, फक्त नाल्याच्या जागी रहदारी आली होती. सकाळी मी भिशीचे पैसे काढले आणि जुनी पण धड अशी सायकल घेतली. ह्यांना म्हटले, "पहिला महिनाभर मी तिच्याबरोबर जाईन." ते म्हणाले, "तुला कुठे येते सायकल?" खरेच येत नव्हती. भावाला घेऊन दिली होती, मला नव्हती. मग बेचाळिसाव्या वर्षी पहाटे पाच वाजता मैदानावर पोरीने मला सायकल शिकविली. गुडघे फुटले, दोन साड्या चाकात गेल्या, तेव्हापासून पंजाबी ड्रेस घालू लागले. सासूबाई आठ दिवस बोलल्या नाहीत, नवव्या दिवशी त्यांनीच गुडघ्याला हळद लावली.

महिनाभर आम्ही मायलेकी पुढेमागे गेलो. मोठा रस्ता टाळून आतली वाट शोधली, दोन चौक चुकतात आणि सावलीही आहे. आता ती एकटी जाते. पोचली की शाळेच्या फाटकावरच्या मावशींच्या फोनवरून एक रिंग देते. रिंग येईपर्यंत माझा जीव थाऱ्यावर नसतो, हेही सांगून ठेवते. भीती जात नाही. भीती असूनही वाट बंद करायची नाही, एवढेच ठरविले आहे.

मंडळापुढे माझ्या चार सूचना आहेत. एक, ज्यांची शाळा दोन किलोमीटरांच्या आत आहे त्यांनी ओळीओळीने दिंडी करावी. निदान आठवड्यातून तीन दिवस. दोन, मंडळाने चार जुन्या सायकली घेऊन ठेवाव्यात आणि ज्या बायकांना येत नाही त्यांना पहाटे शिकवावे. वयाची अट नको. तीन, शाळेच्या वाटेवर कुठे खड्डा, कुठे दिवा नाही, कुठे पदपथ अडला, याची यादी करून सगळ्यांच्या सह्यांनिशी अर्ज द्यावा आणि उत्तर येईपर्यंत दर महिन्याला जावे. अर्ज देऊन घरी बसण्याची आपली सवय मोडली पाहिजे. चार, येत्या पावसाळ्यात त्या वाटेवर कडुनिंबाची रोपे लावावीत. आज लावलेल्या झाडाची सावली आपल्या मुलांना नाही, तर नातवंडांना मिळेल.

आपल्या गावाला गाडगेबाबांची समाधी आहे. बाबा आयुष्यभर पायी हिंडले आणि ज्या गावात गेले तिथला रस्ता आधी झाडला, मग कीर्तन केले. २० डिसेंबर १९५६ रोजी अमरावतीच्या वाटेवरच त्यांनी देह ठेवला. येत्या पुण्यतिथीला आपण हार-फुले वाहतोच. यंदा त्या दिवशी आपापल्या मुलांच्या शाळेपर्यंतचा रस्ता झाडू या, आणि आडव्या लावलेल्या आपल्या गाड्या बाजूला घेऊ या. सकाळी सातला मी माझ्या दारात खराटा घेऊन उभी राहीन. ज्यांना यायचे त्यांनी यावे.

बोलताना कोणाला लागले असेल तर धाकटी बहीण समजून क्षमा करावी. पोहे थंड होत आहेत, म्हणून इथेच थांबते.